लांज्याचं अपील कोल्हापुरातच, पण आधी कायद्याचा प्रश्न शोधा

तुमची अडचण मला अशी कळली: मुंबईतल्या चुलत भावांनी वाटपाचा दावा लावला, तालुका कोर्टाने त्यांना तिसरा हिस्सा दिला, रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयाने तुमचं अपील फेटाळलं. तोंडी वाटप पूर्वीच झालं होतं हे तुमचं म्हणणं दोन्हीकडे शाबीत झालं नाही. आता हायकोर्टात जायचं तर मुंबई, कोल्हापूर की गोवा, आणि परप्रांतातल्या जजना आपली जमीन कळणार का, असं तुम्ही विचारलंय.

जागा कोल्हापूर. १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथे सर्किट बेंच बसतं आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. रायगड मुंबईकडेच राहिला. सावंतवाडीहून पर्वरीचं गोवा खंडपीठ कितीतरी जवळ, पण ते गोव्यातली प्रकरणं चालवतं. मंडणगडच्या माणसाला कोल्हापूर मुंबईपेक्षा जवळ नाही, तरी त्यालाही घाट चढावा लागतो. मला हे खटकतं, पण जिल्हा बघून ठरतं, पक्षकाराची सोय बघून नाही. तुम्हा लांजेकरांना मात्र आंबा घाटातून सकाळी निघून रात्री घरी येता येईल.

कोल्हापूरला वेगळं हायकोर्ट झालंय, असं गावात बोलतात. ते बरोबर नाही. १८६२ साली सुरू झालेलं मुंबई उच्च न्यायालय एकच आहे. ते मुंबई, नागपूर, औरंगाबाद, गोवा आणि आता कोल्हापूर इथे बसतं. न्यायमूर्तींची मंजूर पदं सगळी मिळून ९४. कोण कुठे बसणार आणि कुठली कामं ऐकणार हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात. त्यामुळे नागपूरला झालेला निवाडा तुमच्या वकिलाला कोल्हापुरात दाखवता येतो, त्याचं वजन तेवढंच. तुमचं दुसरं अपील एकच न्यायमूर्ती ऐकतील. ते फेटाळलं तर त्याच हायकोर्टात दोन न्यायमूर्तींकडे पुन्हा अपील नाही. पुढे फक्त दिल्ली, तीही सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली तरच.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. हायकोर्ट म्हणजे तिसऱ्यांदा तोच खटला नव्हे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खाली दुसरं अपील कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच दाखल करून घेतात. तोंडी वाटप झालं की नाही, साक्षीदार खरा की खोटा, हे वस्तुस्थितीचे प्रश्न. दोन कोर्टांचं त्यावर एकमत असेल तर हायकोर्ट सहसा त्यात हात घालत नाही. पण तुम्ही ज्या जुन्या फेरफाराचा (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची महसुली नोंद) उल्लेख केलाय, तो पुराव्यात दाखल असूनही दोन्ही निकालपत्रांत त्याचा विचारच झालेला नसेल, तर तिथे मुद्दा निघू शकतो. फेरफाराने मालकी सिद्ध होत नाही, पण महत्त्वाचा पुरावा न वाचता निकाल देणं ही वेगळी गोष्ट. निकालपत्रं पेन्सिल घेऊन स्वतः वाचा.

आमच्या घरचा वाद कुळाचा होता. तहसीलदार, प्रांत, महसूल न्यायाधिकरण करत तो राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली हायकोर्टात गेला, तेव्हा मुंबईलाच जावं लागे. आई आणि मी रात्रीची गाडी पकडायचो, कुर्ल्याला मावशीकडे आंघोळ करून फोर्टात जायचो, आणि दिवसभर बसून बोर्डावर नंबर न येता परत यायचो. ते हाल आठवले की कोल्हापूरच्या बेंचचा मला मनापासून आनंद होतो.

परप्रांतातल्या जजची भीती धरू नका. मुख्य न्यायमूर्ती तर बहुधा दुसऱ्या राज्यातूनच येतात. पण हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत, म्हणून मराठी कागदांचा तर्जुमा लावावा लागतो, आणि खरा धोका तिथे आहे. आमच्या कागदात 'वरकस'चा तर्जुमा करणाऱ्याने सरळ 'पडीक' असा केला होता. १९४८ च्या कुळकायद्यात वरकसची स्वतंत्र व्याख्या आहे: भातशेतीच्या राबासाठी (रोपांची जागा भाजायला लागणाऱ्या पाल्या-गवतासाठी) वापरली जाणारी जमीन. त्या एका शब्दाने आमची कसणूकच पुसली जात होती. आईला इंग्रजी येत नव्हतं. मी तिला ओळ न् ओळ मराठीत सांगत गेलो आणि त्या शब्दापाशी तिने मला थांबवलं. तुमच्या कागदांत खाजण, मळा, कातळ, भाटलं असे शब्द असतील तर प्रत्येकाचा तर्जुमा घरातल्या जाणत्या माणसाला विचारून तपासा.

दुसऱ्या अपिलाची मुदत ९० दिवसांची, जिल्हा न्यायालयाच्या निकालाच्या तारखेपासून. नक्कल मिळण्यात जाणारे दिवस त्यातून वगळतात, पण त्यासाठी नकलेचा अर्ज वेळेत हवा. तो उद्याच टाका.

आणि वकिलांनी मुद्दा निघत नाही असं सांगितलं, तरी सगळं गेलं असं समजू नका. डिक्री (कोर्टाचा हुकूमनामा) हिश्श्याची झाली आहे, कुठला तुकडा कोणाला हे अजून ठरायचंय. शेतसारा भरणाऱ्या जमिनीचे तुकडे दिवाणी प्रक्रिया संहितेच्याच कलम ५४ प्रमाणे कलेक्टरमार्फत पाडले जातात. तुमच्या वडिलांनी लावलेली हापूसची कलमं आणि त्यांनी खणलेली विहीर शक्यतो तुमच्या वाट्याला यावी, अशी लेखी मागणी तिथे करता येते. कलमांचे फोटो, विहिरीच्या खर्चाच्या पावत्या, जुना पीकपाहणीचा उतारा आताच गोळा करायला घ्या.