परभणी शक्ती ज्वारीत लोह खरंच जास्त असतं का? मुलीचं हिमोग्लोबिन कमी आहे, गोळ्यांऐवजी चालेल का?

लोह खरंच जास्त असतं, पण गोळ्यांऐवजी नाही चालणार. हे वाण परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था यांनी मिळून तयार केलं, २०१८ मध्ये ते प्रसारित झालं. नेहमीच्या ज्वारीत किलोला साधारण ३० मिलिग्रॅम लोह असतं, यात ४५ च्या आसपास. जस्तही २० ऐवजी ३२. म्हणजे दीडशे ग्रॅम पिठाच्या भाकरीतून साडेचारऐवजी पावणेसात मिलिग्रॅम लोह पोटात जातं. पण अंगी लागतं त्यातलं थोडंच, कारण ज्वारीतलं फायटेट (धान्यात मुळातच असणारा एक घटक) लोहाला धरून ठेवतं. त्यावर साधा उपाय आहे: ठेच्यावर किंवा वरणावर लिंबू पिळायचं आणि जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही. (आपल्याकडं हे दुसरंच अवघड!) शाळूची सवय असलेल्यांना चव जरा वेगळी लागेल, तेवढं चालवून घ्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या सांगितलेल्या मुदतीपर्यंत द्याच, भाकरी सोबत असू द्या. हिमोग्लोबिन कमी असण्याचं कारण दर वेळी आहारच असतं असंही नाही. जंत, पाळीतला जास्त रक्तस्राव हेही तपासून घ्या.