स्टाउटचे (गडद रंगाच्या बिअरचे) किण्वन १.०३० वर थांबले आहे. नवे यीस्ट टाकावे की बाटल्या भराव्यात?

रत्नागिरीत घरी केलेल्या आपल्या स्टाउटचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घनता; यीस्ट साखर खाते तसे ते उतरते) सुरुवातीला १.०६२ होते, पाचव्या दिवशी ते १.०३० झाले आणि त्यानंतर सहा दिवस तसूभरही हललेले नाही. फ्रिजच्या नियंत्रकावर १८ अंश लावलेले आहेत. माझे मत असे की आज नवे यीस्टही टाकू नये आणि बाटल्या तर मुळीच भरू नयेत.

१.०३० हा आकडा कोणत्या उपकरणाने मिळाला, हे आपण लिहिलेले नाही आणि सारे त्यावरच अवलंबून आहे. तो रिफ्रॅक्टोमीटरचा (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणाऱ्या उपकरणाचा) असेल, तर किण्वनात तयार झालेल्या अल्कोहोलमुळे तो फुगलेला आहे. आपल्या सुरुवातीच्या आकड्यावरून दुरुस्ती केली की खरे गुरुत्व १.०१२ च्या आसपास निघते, म्हणजे आपली बिअर बहुधा तयारच आहे. हायड्रोमीटर (द्रवात तरंगणारी मोजपट्टीची काचनळी) वापरला असेल, तर नमुना ढवळून त्यातला वायू आधी घालवावा, कारण या तरंगत्या नळीला चिकटलेले बुडबुडे तिला वर उचलतात.

हायड्रोमीटरनेही तोच आकडा आला, तर मी पुढची चाचणी केल्याशिवाय फर्मेंटरला (बिअर आंबते त्या भांड्याला) हात लावत नाही. निर्जंतुक बाटलीत २०० मिलिलीटर बिअर घ्यावी, त्याच जातीचे ताजे यीस्ट सढळ हाताने घालावे, तोंड सैल झाकावे आणि बाटली स्वयंपाकघरात ठेवून येता-जाता हलवावी. जिथे सकाळी उतरवलेली नीरा दुपारपर्यंत माडी होते, त्या आपल्या किनाऱ्यावर या चाचणीसाठी वेगळी ऊब द्यावी लागत नाही. दोन-तीन दिवसांनी नमुना १.०३० वरच राहिला, तर यीस्टला खाता येईल अशी साखरच उरलेली नाही. माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) ७० अंशांच्या आसपास भिजवले गेले असेल, किंवा मिल्क स्टाउटसाठी लॅक्टोज (यीस्टला न पचणारी दुधातली साखर) घातले असेल, तर असे होते, आणि त्यावर कितीही यीस्ट ओतले तरी उपयोग नाही. नमुना १.०१६ पर्यंत उतरला, तर मात्र दोष फर्मेंटरमधल्या यीस्टचा आहे.

मला संशय आहे तो फ्रिजचा. वेंगुर्ल्यात माझ्या पहिल्या दोन खेपा अशाच अडकल्या होत्या. नियंत्रकाचा संवेदक मी फ्रिजच्या हवेत लोंबकळत ठेवला होता. किण्वन जोरात असताना बिअर स्वतःच्या उष्णतेने हवेपेक्षा तीन-चार अंशांनी गरम राहिली आणि जोर ओसरताच ती घसरून १८ वर आली. इंग्लिश एल जातीचे यीस्ट असे तापमान उतरले की काम अर्धवट टाकून तळाशी बसते. कोकणात उकाड्याच्या भीतीने आपण नको तेवढे थंड करतो, असे मला मनापासून वाटते. त्यानंतर मी संवेदक फर्मेंटरच्या अंगाला चिकटवून वरून जाड कापड बांधू लागलो.

उपाय सौम्य आहे. तापमान दोन दिवसांत सावकाश २१-२२ अंशांवर न्यावे आणि झाकण न उघडता फर्मेंटर हळुवार गोल फिरवावा, म्हणजे बसलेले यीस्ट वर येईल. हवा मिसळू नये. या टप्प्यावर प्राणवायू मिळाला की बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. चार दिवसांत फरक पडला नाही, तर १.०४० गुरुत्वाच्या थोड्या वर्टमध्ये (माल्टच्या न आंबलेल्या गोड काढ्यात) नवे यीस्ट जागवून, फेस भरात असतानाच ते ओतावे. पाकिटातले कोरडे यीस्ट थेट अल्कोहोलमध्ये पडले तर बरेचसे मरते.

बाटल्यांविषयी मी आग्रहाने सांगतो. गुरुत्व ०.००२ ने उतरले की एका लिटर बिअरमागे ढोबळमानाने एक लिटर वायू तयार होतो. १.०३० वर बाटली भरली आणि आत किण्वन पुन्हा सुरू होऊन ते १.०१६ वर गेले, तर लिटरमागे सात लिटर वायू कोंडेल. साधारण बिअरमध्ये तो अडीच लिटरच्या आसपास असतो. अशी बाटली फुटते आणि काच दूरवर उडते. तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन मापे सारखी येऊन चाचणीच्या आकड्याशी जुळली, की मगच बाटल्या भराव्यात.