जुन्या गॅस ग्रिलचा कोळशाचा स्मोकर (मंद आचेवर धुरात मांस शिजवायची पेटी) करता येईल का?

येतो की, मी सोलापुरात गच्चीवर केलाय. आधी सिलेंडर, नळी, रेग्युलेटर, बर्नर, नॉब सगळं काढून टाका, गॅसचं काही म्हणजे काही ठेवायचं नाही. मग बाजूला जी भोकं उरतात ती साध्या लोखंडी पत्र्याने नटबोल्ट लावून बंद करा. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा नको हां, तापला की जस्ताचा धूर निघतो.

खरी गंमत पुढंय. कोळसा सगळीकडे पसरायचा नाही, एका टोकाला लोखंडी जाळीच्या टोपलीत ठेवायचा आणि खाली भट्टीच्या विटा, कारण बऱ्याच ग्रिलची बॉडी ॲल्युमिनियमची असते आणि ते ६६० डिग्रीला वितळतं, निखारे थेट टेकले तर तळ गेलाच समजा. चिकन दुसऱ्या टोकाला, मधे पाण्याचं ताट. हवा कोळशाकडून खालून आत आणि धूर चिकनकडच्या वरच्या भोकातून बाहेर, ते भोक कधीच पूर्ण बंद करू नका, नाहीतर मांस कडू होतं. टेंपरेचर ११० ते १२० डिग्री. इथं मे महिन्यात झाकण उन्हातच एवढं तापतं की कोळसा थोडा कमीच घालावा लागतो!

धुरासाठी लाकूड आंब्याचं किंवा पेरूचं, वाळलेलं. प्लाय, रंगवलेलं लाकूड अजिबात नको. पहिल्यांदा रिकामाच तासभर तापवा, जुनं ग्रीस जळून जाईल. चिकन आतून ७४ डिग्री झालं की काढा. आणि बंद बाल्कनीत पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडचा वाससुद्धा येत नाही.