दादा नोकरीला लागला की हिला घेऊन कोण पळणार?

"पोरगी पळते याचं कौतुक आहे हो, पण उद्या दादा नोकरीला लागला की हिला घेऊन कोण पळणार? त्यापेक्षा आत्ताच थांबवलेलं बरं." दृष्टिहीन खेळाडूंचे आईवडील समुपदेशनाला येतात तेव्हा हा प्रश्न बहुतेक पहिल्याच भेटीत निघतो. पुढची हकिगत अशाच एका सतरा वर्षांच्या मुलीच्या घरची आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगी टी११ गटात पळते, म्हणजे अजिबात किंवा जवळजवळ काहीच न दिसणाऱ्या धावपटूंच्या गटात. या गटात गाईडशिवाय, म्हणजे हातातल्या दोरीने जोडून सोबत पळणाऱ्या डोळस माणसाशिवाय, पळता येत नाही आणि डोळ्यांवर पट्टी सगळ्यांनाच बांधावी लागते. दोन वर्षं तिचा मोठा भाऊच गाईड होता. घरचे आले ते मात्र उजव्या खांद्याचं दुखणं घेऊन. डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नव्हतं. अलीकडे पहाटे उठवायला गेलं की पोटही दुखायचं. आईने ठरवून टाकलं होतं, हिला खेळ झेपत नाही.

प्रश्न मुलीला विचारले, उत्तरं आईने दिली. झोप कशी लागते, किती पळतेस, कुठे दुखतं, तिन्हीला आईच. आईला दोष देऊन भागत नाही, कारण शाळेत, दवाखान्यात, एसटीत लोकच मुलीशी न बोलता आईशी बोलतात आणि मग तीच सवय होऊन बसते. पण समुपदेशकाने इथे थांबून मुलीला एकटीला वेळ द्यायचा असतो. तसा दिला तेव्हा ती म्हणाली, "दादा थांबला की मी थांबते. मी कधी त्याला थांबवलं नाही. तो माझ्यासाठी एवढं करतो, त्याला काय सांगायचं?"

खांद्याचं कारण ट्रॅकवर दिसलं. भाऊ पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करत होता आणि बहिणीचा सराव त्याने स्वतःच्याच सरावात बसवला होता. वेग त्याचा, फेऱ्या त्याच्या. गाईड आणि खेळाडू यांच्या हातातली दोरी ताणत नाही अशी आणि जास्तीत जास्त ३० सेंटीमीटरची असते. तिचा उजवा हात आणि त्याचा डावा एकत्र हलायला हवेत. तसे हलले की दोघांचे बाहेरचे पाय एकाच वेळी पुढे पडतात. त्याचं पाऊल लांब पडायचं, दर चार-पाच पावलांनी ताल मोडायचा आणि दोरी ताठ व्हायची. तिचा खांदा पुढे ओढला जाई, कोपर उघडं पडे. ओढणं नियमातही बसत नाही, आणि शेवटची रेषा गाईडच्या आधी खेळाडूने ओलांडायची असते.

गाईडचा वेग खेळाडूपेक्षा चांगलाच जास्त हवा हे खरं. ती १५०० मीटर सहा मिनिटांत पळत असेल तर गाईडला ते अंतर सव्वापाचच्या आसपास जमायला हवं, कारण त्याला पळता पळता बोलायचंही असतं. पण ती शिल्लक ताकद बोलण्यासाठी आणि तिचा ताल धरण्यासाठी असते.

तीन शब्द ठरवले, आणि ते फक्त मुलीने वापरायचे. "दोरी" म्हणजे ताण येतोय, "हळू" म्हणजे वेग कमी, "बास" म्हणजे थांबायचं, कारण विचारायचं नाही. पहिल्या आठवड्यात पळणं बंद, नुसतं चालणं. प्रत्येक फेरीत निदान एकदा तिने "बास" म्हणायचंच, गरज नसली तरी. हे तिला सर्वांत जड गेलं. पहिल्या दिवशी शब्द निघाला तो सॉरीसकट. भावालाही डोळे बांधून तिच्या हाताला धरून २०० मीटर चालायला लावलं. वळणाआधी न सांगता वळवलं की पोटात कसा गोळा येतो ते त्याला तिथे कळलं.

आईकडून बुटांच्या नाड्या, बॅग आणि कोचशी बोलणं काढून घेतलं. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र), खेळाडूचा गट ठरवण्यासाठी लागणारी वैद्यकीय कागदपत्रं, अर्जांच्या तारखा तिच्याकडेच राहिल्या; ते काम तिच्याइतकं कुणी नेटाने करत नाही. आणि रात्री जेवताना पळण्याचा विषय काढायचा नाही असं ठरलं.

राहिला मूळ प्रश्न. एकाच माणसावर सगळं टांगलेलं असेल तर भीती खरीच आहे. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये स्पेनची एलेना कोंगोस्त मॅरेथॉनमध्ये तिसरी येत होती. शेवटच्या काही मीटरवर गाईडच्या पायात गोळे आले, त्याला सावरायला तिने क्षणभर दोरी सोडली आणि तिला अपात्र ठरवलं. गाईडची तब्येत हा खेळाडूच्याच निकालाचा भाग असतो. म्हणून दुसरा गाईड हवा, आणि तो भावाची भरती लागण्याच्या आधी.

कॉलेजात लांब पल्ल्याचं पळणारी एक मुलगी तयार झाली. असा माणूस घेताना घरचे संकोचतात आणि सगळं तोंडी ठेवतात, तिथेच पुढे बिनसतं. त्यामुळे कागदावर लिहिलं: आठवड्यातून दोन सकाळी, तीन महिने, येण्याजाण्याचं भाडं घरचे देणार, परीक्षेच्या महिन्यात सुट्टी. हात कुठे धरायचा, कुठे नाही, हे मुलीने स्वतः सांगायचं. सराव कोच किंवा इतर खेळाडू मैदानावर असतानाच. गाईड मुलगी असली तरी हे नियम सैल करू नयेत, आणि तक्रार करायला घराबाहेरचं एक मोठं माणूस मुलीला माहीत असावं. आधी दोन दिवस चालणं, मग ४०० मीटर जॉगिंग, वेग त्यानंतर. नव्या जोडीला पहिल्याच आठवड्यात वेळ लावून पळवलं की धडपड होते, आणि पडली की घरचे लगेच म्हणतात, "बघा, दादाच बरा."

खांद्याचं दुखणं काही आठवड्यांत थांबलं. भाऊ मात्र दुखावला. "मी नकोसा झालो का" हे तो बरेच दिवस घुसमटत बोलत राहिला, म्हणून त्याच्याशी वेगळी दोन सत्रं करावी लागली. नवी गाईड परीक्षेला गेली तेव्हा सरावात खंडही पडला.

जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी गाईड निवडायचं मुलीवर सोडलं. ४०० ला तिने कॉलेजची ताई घेतली, १५०० ला दादा. कारण विचारलं तर म्हणाली, "४०० ला दादा बोलतच नाही, नुसता पळतो."