लंडनच्या डाल्स्टनमधलं व्हिक्टोरियन घर घेताय ना, मग हे आधी बघा

घर देखणं आहे, शंकाच नाही. मागचं काचेच्या छताचं स्वयंपाकघर पाहून कुणीही हरखून जाईल. पण आर्किटेक्टने केलेलं काम बघून झालं की मूळ घराकडे वळा.

लंडनच्या या जुन्या टेरेस घरांच्या, म्हणजे एकमेकांना चिकटून ओळीने बांधलेल्या घरांच्या भिंती बहुधा नऊ इंची, भरीव विटांच्या असतात. मधे पोकळी नसते. वीट पावसाचं पाणी पिते आणि चुन्याच्या सांध्यांतून ते पुन्हा सुकतं. तिथे सिमेंट भरलं की ओल आतच कोंडते. माझ्याकडे आधीच्या मालकाने नेमकं तेच केलं होतं. आतून रंगाचे पोपडे सुटत, बाहेर विटेवर नख फिरवलं तर लाल भुकटी बोटाला लागे. सगळं सिमेंट छिन्नीने काढून पुन्हा चुना भरून घेतला. म्हणून सांधे अगदी जवळून बघा. जमिनीलगतच्या जाळीच्या विटाही बुजलेल्या नकोत, लाकडी फरशीखाली वारा तिथूनच खेळतो.

खालची भिंत पाडून लोखंडी तुळई टाकली असेल, तर बिल्डिंग कंट्रोलचं, म्हणजे बांधकाम नियमांप्रमाणे झालंय का हे तपासणाऱ्यांचं, पूर्णत्वाचं प्रमाणपत्र मागाच. तुळई सामाईक भिंतीत घुसवली असेल, तर १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे शेजाऱ्यांना नोटीस दिली होती का, तेही वकिलाकरवी विचारा.

आणि शनिवारी रात्री अकराला पुढच्या खोलीत पाच मिनिटं गप्प उभे राहा. रिडली रोडचा बाजार दिवसा फार लोभस, ताजी कोथिंबीरही मिळते. पण जवळच्या किंग्जलँड रोडचा रात्रीचा गोंगाट जुन्या सरकत्या खिडक्यांतून थेट उशाशी येतो.