मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना इन्सुलिन सुचवलं, तर त्याची कायमची सवय लागते का?

नाही, सवय लागत नाही. इन्सुलिन हे काही व्यसन लावणारं औषध नाही. स्वादुपिंड तेच रोज बनवतं. टाइप २ मधुमेहात वर्षं जातात तशा ते बनवणाऱ्या बीटा पेशी थकत जातात. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करतं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात. पण पेशीच उरल्या नाहीत तर गोळी कुणाला कामाला लावणार? म्हणून मग बाहेरून द्यायचं. आजारपणात किंवा शस्त्रक्रियेपुरतं सुरू केलेलं इन्सुलिन पुढे बंदही होतं. टाइप १ मधुमेहात, जिथे शरीर इन्सुलिन जवळपास बनवतच नाही, मात्र ते जन्मभर लागतं, तिथे पर्याय नाही.

सुईची भीती मलाही होती. इन्सुलिन टोचायच्या पेनची सुई ४ मिलिमीटरइतकी छोटी मिळते, बोटाला टोचून साखर तपासतो ते जास्त दुखतं! बटण पूर्ण दाबल्यावर १० आकडे मोजा, मगच सुई बाहेर काढा, नाहीतर टोकाला थेंब राहतो आणि तेवढा डोस वाया जातो. रोज जागा थोडी बदला; एकाच ठिकाणी टोचलं की गाठ येते आणि तिथून औषध नीट शोषलं जात नाही.

खरी काळजी रक्तातली साखर फार उतरण्याची. घाम, थरथर, धडधड जाणवली आणि साखर ७० mg/dL च्या खाली असली तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. आणि जुन्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका; मेटफॉर्मिन बहुतेकदा सोबत चालूच ठेवतात.