मारी ब्लॅक यांनी नऊ वर्षांत कायदा एकही केला नाही, मग केलं काय?

तुमचा प्रश्न असा आहे: विसाव्या वर्षी ब्रिटनच्या संसदेत गेलेल्या मारी ब्लॅक यांचं एक भाषण अजूनही फिरत असतं, पण ते सोडलं तर नऊ वर्षांत त्यांनी प्रत्यक्ष काम काय केलं, एखादा कायदा तरी केला का?

कायदा एकही नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही त्याची वाट पाहणार नाही. तरीही ही नऊ वर्षं वाया गेली असं मला वाटत नाही. मीही तुमच्यासारखंच आधी ते भाषण पाहिलं. मग संसदेच्या कामकाजाची नोंद, म्हणजे हॅन्सर्ड, उघडून त्यांची बाकीची भाषणं वाचायला घेतली आणि माझं मत बरंच बदललं. (नावाचं इंग्रजी स्पेलिंग पाहून अनेक जण 'म्हैरी' लिहितात. त्यांच्या नावाचा उच्चार 'मारी' असा आहे.)

त्या आल्या स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावाच्या परिसरातून. आपण साडीच्या काठावरच्या ज्या नक्षीला कोयरी म्हणतो, तिला इंग्रजीत पेस्ली म्हणतात ते याच गावावरून. काश्मिरी शालींची नक्कल करून इथल्या मागांवर शाली विणल्या जात. पुढे सूतगिरण्या आल्या आणि त्याही बंद पडल्या. गावातला फर्ग्युस्ली पार्क हा भाग सरकारी निर्देशांकात २०१२ आणि २०१६, दोन्ही वेळा स्कॉटलंडमधला सर्वांत वंचित भाग ठरला. मारी ब्लॅक यांच्या बोलण्यात बेरोजगार भत्ता, घरभाडं, उपासमार हे विषय सारखे का येतात, ते इथून कळतं.

७ मे २०१५ ला त्या 'पेस्ली अँड रेन्फ्रूशायर साउथ' मतदारसंघातून, स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या तिकिटावर निवडून आल्या. समोर डग्लस अलेक्झांडर होते. ते मजूर पक्षाचे माजी मंत्री, त्या पक्षाच्या देशभरातल्या प्रचाराचे सूत्रधार, आणि २०१० मध्ये त्याच जागेवर १६,६१४ मतांनी जिंकलेले. त्यांना या मुलीने ५,६८४ मतांनी हरवलं. ग्लासगो विद्यापीठातली त्यांची पदवीची शेवटची परीक्षा तेव्हा अजून व्हायची होती. ती त्यांनी दिली आणि राज्यशास्त्रात प्रथम श्रेणी मिळवली. अर्थात हा विजय एकट्या त्यांचा नव्हता. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचं सार्वमत सप्टेंबर २०१४ मध्ये ५५ विरुद्ध ४५ टक्क्यांनी हरल्यावर त्या हरलेल्या बाजूनेच पुढच्या निवडणुकीत स्कॉटलंडमधल्या ५९ पैकी ५६ जागा घेतल्या. लाट होती. पण लाटेवर येणं वेगळं आणि पुढची दोन वेळा तीच जागा राखणं वेगळं. २०१७ मध्ये त्यांचं मताधिक्य २,५४१ वर घसरलं आणि २०१९ मध्ये १०,६७९ वर गेलं.

वयाबद्दल एक दुरुस्ती करायला हवी. '१६६७ नंतरच्या सर्वांत तरुण खासदार' असं तेव्हा बऱ्याच ठिकाणी छापून आलं आणि अजूनही ते उचललं जातं. ते चूक आहे, कारण १८३२ च्या आधी बड्या घरची अल्पवयीन मुलंही त्या सभागृहात बसत. १८३२ च्या सुधारणा कायद्यानंतरच्या सर्वांत तरुण, एवढंच बरोबर. आणि हे शक्य झालं ते २००६ च्या एका कायद्याने, ज्याने उमेदवारीची किमान वयोमर्यादा २१ वरून १८ वर आणली. तो कायदा झाला नसता तर त्यांना अर्जही भरता आला नसता.

आता ते भाषण, सभागृहातलं त्यांचं पहिलंच. १४ जुलै २०१५ ची अर्थसंकल्पावरची चर्चा. आठवड्याभरापूर्वीच अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी १८ ते २१ वयाच्या तरुणांचा घरभाडं-मदतीचा आपोआप मिळणारा हक्क काढून घ्यायचं जाहीर केलं होतं. मारी ब्लॅक म्हणाल्या की खासदाराच्या लंडनमधल्या घरासाठी सरकार पैसे देतं, म्हणजे अर्थमंत्री घरासाठी मदत करायला तयार आहेत अशी अख्ख्या देशातली वीस वर्षांची व्यक्ती मी एकटीच. मग त्यांनी एका माणसाची हकीकत सांगितली. जॉब सेंटरला, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयात, जाताना तो उपाशीपोटी चक्कर येऊन पडला, पोचायला उशीर झाला आणि शिक्षा म्हणून त्याचा भत्ता १३ आठवडे रोखला गेला. शेवटी मजूर पक्षाला उद्देशून त्या म्हणाल्या की मी त्या पक्षापासून दूर गेले नाही, तो पक्ष माझ्यापासून दूर गेला. लाखो लोकांनी पाहिलेलं भाषण ते हेच.

भाषण उत्तम आहे यात वाद नाही. पण माझ्या लेखी त्याहून महत्त्वाचं घडलं ते सहा दिवसांनी. २० जुलैला कल्याणकारी योजनांत कपात करणाऱ्या विधेयकावर मतदान झालं. मजूर पक्षाच्या नेतृत्वाने आपल्या खासदारांना तटस्थ राहायला सांगितलं, ४८ जणांनी ते झुगारलं, आणि विधेयक ३०८ विरुद्ध १२४ असं पुढे गेलं. मारी ब्लॅक यांच्या पक्षाने विरोधात मत दिलं. त्या जे बोलल्या होत्या, त्याची कसोटी आठवड्याच्या आत लागली आणि त्या त्यात उतरल्या. पुढेही सीरियावरच्या हवाई हल्ल्यांचा ठराव (डिसेंबर २०१५) आणि ट्रायडंट अण्वस्त्र पाणबुड्यांचं नूतनीकरण (जुलै २०१६) या दोन्हीला त्यांच्या पक्षाचा विरोध होता. दोन्ही वेळा ते मोठ्या फरकाने हरले.

तरुणांच्या घरभाड्याचं पुढे काय झालं, हे फार कोणी सांगत नाही. ती कपात एप्रिल २०१७ पासून लागू झाली आणि मार्च २०१८ मध्ये सरकारने स्वतःच ती मागे घेण्याचं जाहीर केलं. त्याचं श्रेय मी एका भाषणाला देणार नाही. बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्था सतत मागे लागल्या होत्या. पण हा विषय लोकांच्या तोंडी आणण्यात त्या भाषणाचा वाटा होता, एवढं निश्चित म्हणता येईल.

विधेयकाचा एक प्रयत्न त्यांनीही केला. ब्रिटिश संसदेत अशासकीय विधेयक मांडण्यासाठी चिठ्ठी टाकून नंबर लागतो. २०१६ मध्ये त्यांचा नंबर लागला. विधेयक साधं होतं: कुणाचा भत्ता रोखण्याआधी अधिकाऱ्याने त्या माणसाची परिस्थिती तपासावी. घर आहे का, घरात कुणाची शुश्रूषा करावी लागते का, मानसिक आजार आहे का. पहिल्या भाषणातला तो चक्कर आलेला माणूस इथे कलमांत उतरलेला दिसतो. २ डिसेंबर २०१६ ला ते दुसऱ्या वाचनाला आलं, सरकारचा विरोध होता, आणि ते तिथेच थांबलं. सरकारचा पाठिंबा नसेल तर तिथली बहुतेक अशासकीय विधेयकं अशीच संपतात. 'एखादा कायदा तरी?' या तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या व्यवस्थेत आहे. विरोधी बाकांवरच्या, तेही तिसऱ्या क्रमांकाच्या पक्षाच्या खासदाराला सरकारच्या पाठिंब्याशिवाय कायदा करता येत नाही म्हटलं तरी चालेल. त्याला विषय धरता येतो, मंत्र्याला उत्तर द्यायला उभं करता येतं आणि नोंद मागे ठेवता येते.

विषय धरणं म्हणजे काय, ते पेन्शनच्या लढ्यात दिसतं. माझ्या मते त्यांचं सर्वांत भरीव काम हे आहे.

ब्रिटनमध्ये सरकारी पेन्शन पुरुषांना ६५ व्या वर्षी आणि बायकांना ६० व्या वर्षी मिळे. १९९५ च्या कायद्याने बायकांचं वय हळूहळू ६५ वर न्यायचं ठरलं, २०१० ते २०२० अशा टप्प्यांत. मग २०११ च्या कायद्याने तो वेग वाढवला: २०१८ च्या अखेरीस ६५ आणि २०२० मध्ये ६६. समानतेला फारसा कुणाचा विरोध नव्हता. तक्रार ही होती की १९५० च्या दशकात जन्मलेल्या लाखो बायकांना हे नीट कळवलंच नाही. कुणी साठीला निवृत्त व्हायचं म्हणून नोकरी सोडली होती, कुणी म्हाताऱ्या आईला किंवा नातवंडांना सांभाळायला लागलं होतं, आणि ऐन वेळी कळलं की पेन्शन अजून काही वर्षं मिळणार नाही. २०१५ मध्ये पाच बायकांनी 'वास्पी' नावाची मोहीम सुरू केली.

ही मोहीम सभागृहात नेणाऱ्यांत मारी ब्लॅक पुढे होत्या. ७ जानेवारी २०१६ ला त्यांनी या विषयावरच्या चर्चेला सुरुवात केली. मागणी होती ती संक्रमण काळासाठी काही सोय करण्याची, म्हणजे ज्यांच्यावर अचानक बोजा पडला त्यांना थोडा आधार. त्यांचा मुद्दा असा की पेन्शन ही भीक नाही, तो करार आहे. आयुष्यभर हप्ते भरून घेतल्यावर एका बाजूने अटी बदलायच्या नसतात. ठराव १५८ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. पण असे ठराव सरकारवर बंधनकारक नसतात. सरकारने काही केलं नाही.

इथे मला थांबून एक गोष्ट दाखवायची आहे. ही मांडणी करणारी मुलगी एकवीस वर्षांची होती. ज्या बायकांसाठी ती बोलत होती त्या साठीच्या आसपासच्या, तिच्या आजीच्या वयाच्या. तरुण खासदार म्हणजे शिक्षण, नोकऱ्या, मोबाइल यांवर बोलणारी व्यक्ती असं आपण गृहीत धरतो. त्यांनी सर्वांत चिवटपणे धरलेला प्रश्न म्हातारपणाचा होता. आणि स्कॉटलंडला वेगळं करायचं हे ज्या पक्षाचं ध्येय, त्या पक्षाच्या या खासदाराने वेस्टमिन्स्टरचा, म्हणजे लंडनमधल्या ब्रिटिश संसदेचा, सर्वांत चांगला उपयोग केला तो केवळ वेस्टमिन्स्टरच्याच हातात असलेल्या विषयासाठी, कारण पेन्शनचा कायदा स्कॉटिश संसदेच्या अखत्यारीत येत नाही. इंग्लंड आणि वेल्समधल्या बायकाही त्यामुळे त्यांना आपलं मानू लागल्या. स्वातंत्र्यावरची त्यांची भाषणं मला त्यापुढे फिकी वाटतात. तिथे त्या आपल्या पक्षाची ठरलेली भूमिका बोलतात, इथे त्या स्वतः बोलतात.

मार्च २०२४ मध्ये संसदीय लोकपालांनी निकाल दिला की पेन्शन सांभाळणाऱ्या सरकारी खात्याने कळवण्यात हलगर्जी केली, आणि प्रत्येकी १,००० ते २,९५० पौंडांच्या भरपाईची शिफारस केली. म्हणजे आठ वर्षांपूर्वी सभागृहात मांडलेली 'आम्हाला सांगितलंच नाही' ही तक्रार बऱ्याच अंशी खरी ठरली. डिसेंबर २०२४ मध्ये नव्या मजूर सरकारने भरपाई द्यायला नकार दिला. तोवर मारी ब्लॅक संसदेतून बाहेर पडल्या होत्या.

बाकीचं थोडक्यात. मार्च २०१८ मध्ये स्त्रीद्वेषाला द्वेषाचा गुन्हा मानावं का, या चर्चेत त्यांनी स्वतःला येणाऱ्या शिव्या जशाच्या तशा वाचून दाखवल्या. ते ऐकणं त्रासदायक आहे आणि तसंच व्हायला हवं होतं. डिसेंबर २०२२ मध्ये त्या वेस्टमिन्स्टरमधल्या आपल्या पक्षगटाच्या उपनेत्या झाल्या. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांबाबत त्यांनी ठाम बाजू घेतली, पक्षातल्या अनेकांशी मतभेद पत्करून. २०२० मध्ये त्या मतदारसंघातल्या एका प्राथमिक शाळेत ड्रॅग कलाकाराला (भडक बायकी वेश करून कार्यक्रम करणारा पुरुष) घेऊन गेल्या. त्या कलाकाराच्या समाजमाध्यमांवरचा मजकूर प्रौढांसाठीचा होता, त्यावरून पालक भडकले आणि स्थानिक परिषदेला माफी मागावी लागली. हेतू चांगला असेल, पण आधी तपासायला हवं होतं. माझ्या मते ती चूकच.

आणि सोडून जाणं. २०१७ मध्येच त्यांनी या जागेचा उबग आल्याचं बोलून दाखवलं होतं. मतदानासाठी प्रत्येक वेळी लॉबीतून चालत जाऊन मोजून घ्यायचं, टाळ्या वाजवल्या तर सभापतींची समज ऐकायची, रात्री उशिरापर्यंत कामकाज. जुलै २०२३ मध्ये त्यांनी पुढची निवडणूक लढवणार नसल्याचं जाहीर केलं आणि वेस्टमिन्स्टरचं वातावरण विषारी, स्त्रीद्वेष्टं आहे असं सांगितलं. सुरक्षेची काळजीही बोलून दाखवली. त्यांच्या कारकिर्दीत जो कॉक्स आणि डेव्हिड अ‍ॅमेस या दोन खासदारांचे खून झाले, हे विसरून चालणार नाही. जुलै २०२५ मध्ये गाझा आणि पारलिंगी हक्क या प्रश्नांवरच्या भूमिकेमुळे त्यांनी पक्षही सोडला.

अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी त्या गेल्या याचं मला वाईट वाटतं. ज्यांना कामाची जाण आली आहे अशांनी वीस-पंचवीस वर्षं तिथे काढली तरच पेन्शनसारखे प्रश्न तडीस जातात, कारण ते प्रश्नच तेवढे लांबतात. पण रोज शिव्या आणि धमक्या वाचून कामाला जाणाऱ्या माणसाला 'अजून थांबा' असं सांगायचा अधिकार मला नाही.

तुम्हाला वेळ असेल तर पहिल्या भाषणाऐवजी ७ जानेवारी २०१६ ची चर्चा काढून बघा. टाळीची वाक्यं कमी आहेत. दुसऱ्या पक्षांचे खासदार मध्येच उभे राहून आपापल्या मतदारसंघातल्या बायकांची पत्रं सांगतात आणि त्या एकेकाला बोलू देऊन पुन्हा आपल्या मुद्द्यावर येतात.